रांग, स्मृती आणि निकालाचा दिवस

१६ जुलै २०२१, शुक्रवार. दुपारी एक वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल संकेतस्थळावर जाहीर व्हायचा होता. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी लेखी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावरून गुण ठरले होते. नोंदणी झालेले विद्यार्थी होते पावणेसोळा लाखांच्या घरात. एक वाजला आणि संकेतस्थळ उघडेना. पुढचे कित्येक तास राज्यभरातली मुले, पालक आणि शिक्षक तेच पान पुन्हा पुन्हा उघडण्याचा प्रयत्न करीत राहिले.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून मंडळाचा कोकण विभाग होतो आणि त्याचे कार्यालय रत्नागिरीत आहे. त्या दिवशी कोकण विभागाचा निकाल १०० टक्के लागला होता. म्हणजे काळजी करण्याचे कारण कोणालाच नव्हते. पण ही गोष्ट ज्याची त्याला कळायला मात्र वेळ लागला. मोबाइलला संकेत मिळावा म्हणून घरापासून दूर सड्यावर जाऊन उभ्या राहिलेल्या मुलाला, आपला मोबाइल बिघडला, की गावातले नेटवर्क गेले, की आपले नावच यादीत नाही, हे कसे समजावे?

अशा वेळी आपण 'सर्व्हर डाऊन आहे' एवढे म्हणून गप्प बसतो. पण सर्व्हर 'डाऊन' होतो म्हणजे नेमके काय होते? त्याचा प्रोसेसर थकतो का? मेमरी भरते म्हणजे काय? आणि असा आजार झाला, तर त्याचे निदान कसे करायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की आपण संगणकाच्या जन्मापूर्वीच्या काळात जाऊन पोहोचतो. आणि तेथे आपली भेट होते ती एका शाळामास्तरांशी.

कोपनहेगनचे मास्तर

आग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १८७८ साली डेन्मार्कमधील एका खेड्यात झाला. वडील शिक्षक होते. कोपनहेगन विद्यापीठातून १९०१ साली गणिताची पदवी घेतल्यावर एर्लांग यांनीही सुमारे सात वर्षे शाळांत शिकवले. १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाले. कंपनीपुढचा प्रश्न साधा वाटणारा, पण पैशांचा होता. शहरात हजारो ग्राहक आहेत. ते सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. मग एक्स्चेंजमध्ये तारा किती टाकायच्या? कमी टाकल्या तर ग्राहक ताटकळतात. जास्त टाकल्या तर तांबे फुकट जाते.

एर्लांग यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले, की फोन कोण केव्हा करील हे सांगता येत नसले, तरी मोठ्या संख्येने येणारे फोन संभाव्यतेच्या नियमांनी बांधलेले असतात. १९१७ साली त्यांनी, अमुक इतक्या तारा असताना किती ग्राहकांना थांबावे लागेल आणि किती वेळ, याची सूत्रे दिली. ही सूत्रे टेलिफोन अभियंते आजही वापरतात. एर्लांग केवळ कागदावर गणिते करणारे नव्हते. मोजमापासाठी ते शिडी घेऊन रस्त्याखालच्या केबलच्या खड्ड्यांतही उतरत असत, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. १९२९ साली, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ साली टेलिफोन वाहतुकीच्या एककाला 'एर्लांग' हे नाव देण्यात आले.

'अजून दहा टक्के जागा आहे' हा भ्रम

एर्लांग यांच्या गणितातून निघणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका उदाहरणाने पाहू. समजा, एक सर्व्हर एका विनंतीचे काम सरासरी २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकतो. अर्थात तो सेकंदाला जास्तीत जास्त ५० विनंत्या हाताळू शकतो. विनंत्या मात्र घड्याळाच्या ठोक्याबरोबर येत नाहीत. कधी एकदम चार येतात, कधी काही क्षण एकही येत नाही. अशा साध्या रांगेसाठी, विनंती आल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा सरासरी वेळ काढण्याचे सूत्र सोपे आहे: एक भागिले (क्षमता वजा येण्याचा वेग).

सेकंदाला २५ विनंत्या येत असतील, तर उत्तरास ४० मिलिसेकंद लागतात. ४० येऊ लागल्या, तर १०० मिलिसेकंद. ४५ येऊ लागल्या, तर २०० मिलिसेकंद. आणि ४९ येऊ लागल्या, तर पूर्ण एक सेकंद! ४५ वरून ४९ म्हणजे गर्दी जेमतेम नऊ टक्क्यांनी वाढली; वाट पाहणे मात्र पाचपट झाले. ५० ला तर रांग कधी संपतच नाही.

असे का व्हावे? कारण रिकामा गेलेला क्षण साठवून ठेवता येत नाही. दोन विनंत्यांमध्ये सर्व्हर क्षणभर मोकळा राहिला, तर ती मोकळीक पुढच्या झुंडीच्या वेळी वापरता येत नाही. झुंड आली की रांग लागते. आणि क्षमता जवळजवळ संपलेली असेल, तर ती रांग ओसरायला फार वेळ लागतो. रत्नागिरीवरून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर ज्यांनी गणपतीच्या दिवसांत प्रवास केला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गाड्या कमी असतात तेव्हा एखादी गाडी उशिरा आली तरी पुढे सावरून घेते. जादा गाड्यांनी मार्ग भरला, की एका गाडीचा उशीर मागच्या सगळ्यांना लागतो आणि क्रॉसिंगसाठी स्थानकास्थानकांवर गाड्या उभ्या राहतात. त्या दिवशी रूळ तेच असतात, इंजिनेही तीच असतात. दोन गाड्यांमधली मोकळीक तेवढी संपलेली असते.

रांगेला जागा लागते

येथपर्यंत वेळेचा हिशेब झाला. आता मेमरीकडे, म्हणजे स्मृतीकडे वळू. १९६१ साली अमेरिकेत जॉन लिटल यांनी एक सुंदर प्रमेय सिद्ध केले. ते असे: कोणत्याही स्थिर व्यवस्थेत सरासरी किती जण आत आहेत, हे काढायचे असेल, तर येण्याचा वेग आणि प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ यांचा गुणाकार करावा. दवाखान्यात तासाला १२ रोगी येतात आणि प्रत्येक जण सरासरी अर्धा तास तेथे असतो, तर कोणत्याही वेळी सरासरी ६ रोगी दवाखान्यात असणार. ते रांगेत कसे उभे आहेत, डॉक्टर कोणाला आधी तपासतात, याने हा गुणाकार बदलत नाही.

आपल्या सर्व्हरला हे लावून पाहू. सेकंदाला ४५ विनंत्या येतात आणि प्रत्येक जण ०.२ सेकंद आत असतो, म्हणजे सरासरी ९ विनंत्या आत. ४९ येतात आणि प्रत्येक जण १ सेकंद असतो, म्हणजे ४९ विनंत्या आत. आत असलेली प्रत्येक विनंती थोडी मेमरी अडवून बसते. ती ३० मेगाबाइट धरली, तर पहिल्या वेळी २७० मेगाबाइट लागले. दुसऱ्या वेळी १,४७० मेगाबाइट. गर्दी नऊ टक्क्यांनी वाढली आणि मेमरीची गरज पाचपटीहून अधिक झाली. 'प्रोसेसरही भरला आणि मेमरीही भरली' असे दोन आजार एकदम दिसतात, तेव्हा पुष्कळदा मूळ दुखणे एकच असते: काम हळू होते आहे, म्हणून माणसे आत साचत आहेत.

धडपडणारा संगणक

मेमरी संपली की काय होते? याचे उत्तर १९६० च्या दशकात मिळाले. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस या संगणकात एक नवी युक्ती होती. मुख्य मेमरी अपुरी पडली, तर तिच्यातली सध्या न लागणारी पाने फिरत्या चुंबकी ड्रमवर ठेवायची आणि लागतील तेव्हा परत आणायची. त्यामुळे कार्यक्रमाला वाटते, की आपल्याकडे भरपूर मेमरी आहे. ही आभासी स्मृती आज प्रत्येक संगणकात असते.

पण या सोयीला एक किंमत होती. अनेक जण एकाच संगणकावर काम करू लागले, तेव्हा कधी कधी यंत्र एकाएकी ठप्प झाल्यासारखे वागे. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्याचे कारण उलगडून दाखवले. प्रत्येक कामाला त्या त्या वेळी लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. सर्व कामांचे संच मिळून मेमरीपेक्षा मोठे झाले, की एका कामासाठी पान आणताना दुसऱ्याचे पान बाहेर फेकले जाते. दुसरे काम लगेच ते परत मागते. संगणकाचा सगळा वेळ सामान हलवण्यातच जातो. इंग्रजीत या स्थितीला 'थ्रॅशिंग' म्हणतात. मराठीत आपण 'धडपड' म्हणू.

ही धडपड किती महाग पडते, हे पाहा. मेमरीतून माहिती आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरून आणायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. मेमरीतले काम एका सेकंदाचे मानले, तर डिस्कवरचे काम जवळजवळ २८ तासांचे झाले! आजच्या एसएसडी डिस्क बऱ्याच वेगवान आहेत, तरीही फरक साधारण हजारपटीचा उरतोच.

यातली गंमत अशी, की या स्थितीत प्रोसेसर रिकामा बसलेला दिसतो, कारण तो डिस्ककडून पान येण्याची वाट पाहत असतो. त्या काळातल्या काही यंत्रणा 'प्रोसेसर रिकामा आहे' असे पाहून आणखी कामे आत घेत आणि परिस्थिती अधिकच बिघडे. डेनिंग यांचा उपाय उलटा होता: आत जेवढ्यांना पुरेशी जागा मिळेल, तेवढ्यांनाच घ्या, बाकीच्यांना दारात थांबवा.

दारात किती जणांना घ्यावे?

१९९० च्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब सर्व्हर चालवला. 'हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये' अशी चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच वर्षी अपाचे हा वेब सर्व्हर अवतरला आणि लवकरच जगभर पसरला. त्याची जुनी रीत अशी, की प्रत्येक येणाऱ्यासाठी एक स्वतंत्र सेवक. एका वेळी जास्तीत जास्त २५६ सेवक, ही त्याच्यातली नेहमीची मर्यादा.

आता हिशेब करू. यंत्रात ४ गिगाबाइट मेमरी आहे. त्यातली १ गिगाबाइट कार्यप्रणाली आणि माहितीसाठ्यासाठी ठेवली, तर ३ गिगाबाइट उरली. एका सेवकाला ३० मेगाबाइट लागतात, म्हणजे साधारण १०० सेवक मावतील. मर्यादा २५६ च ठेवली, तर गर्दीच्या दिवशी साडेसात गिगाबाइटांहून अधिक मेमरी लागेल आणि धडपड सुरू होईल. मर्यादा १०० केली, तर एकशे एकावा माणूस दारात थोडा थांबेल, पण आतल्या शंभरांचे काम झपाट्याने उरकेल आणि त्याचा नंबरही लवकर लागेल. मर्यादा कमी केल्यावर काम जास्त होते, हे प्रथम ऐकताना पटत नाही. डेनिंग यांचा लेख वाचला की पटते. पुढे १९९९ साली डॅन केगेल यांनी 'एका यंत्राने दहा हजार जण कसे सांभाळावेत' हा प्रश्न मांडला. २००४ साली इगोर सिसोयेव यांनी खुला केलेला एंजिनएक्स हा सर्व्हर त्या प्रश्नाचे एक उत्तर होता: माणशी एक सेवक न ठेवता, थोड्याच सेवकांनी अनेकांकडे आळीपाळीने लक्ष द्यायचे.

आमची एक चूक

निदानाबद्दल बोलताना आमचाच एक अनुभव सांगतो. पावसाच्या नोंदी ठेवणारा एक लहान सर्व्हर आम्ही काही वर्षे सांभाळत होतो. वीस पर्जन्यमापक दर पाच मिनिटांनी नोंद पाठवीत. सकाळी साडेआठ ही पावसाच्या मोजणीची प्रमाणवेळ. त्यामुळे आदल्या दिवसाचा पाऊस पाहायला सगळे त्याच सुमारास येत. पहिला पावसाळा सुरळीत गेला. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र रोज साडेआठला सर्व्हर गुदमरू लागला. आम्ही तो बंद करून पुन्हा सुरू करीत असू. तो चालू लागे. मग मेमरी वाढवली. आठवडाभर बरे वाटले, पुन्हा तेच.

अखेर आम्ही, पहिल्या दिवशीच करायला हवे होते, ते केले. मोजले. युनिक्स कुळातल्या यंत्रांवर 'टॉप' नावाची एक सोय १९८४ पासून आहे. कोणते काम किती प्रोसेसर आणि किती मेमरी खाते, हे ती दाखवते. तिच्यात सर्वांत वर वेब सर्व्हर नव्हताच, माहितीसाठा होता. मग कोणता प्रश्न त्याला सर्वाधिक वेळ घेतो, हे नोंदवले. एका ठिकाणचा एका दिवसाचा पाऊस काढायला तो सगळ्याच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचत होता. दिवसाला ५,७६० नोंदी, पावसाळ्याचे १२२ दिवस, म्हणजे वर्षाला सात लाख आणि तीन पावसाळ्यांत एकवीस लाख. शब्दकोशात 'ज्ञान' हा शब्द शोधण्यासाठी 'अ' पासून एकेक पान वाचत जावे, तसा हा प्रकार. क्रमाने लावलेली सूची असती, तर दर पायरीला निम्मे निम्मे करीत बावीस पायऱ्यांत काम झाले असते. ती सूची करायला आम्हीच विसरलो होतो. ती केली आणि जुन्या मेमरीतही सर्व्हर सहज चालला असता, असे दिसले.

या प्रकरणात आम्ही तीन ठिकाणी फसलो. पहिली फसगत 'पुन्हा सुरू करण्याची'. त्याने रांग पुसली जाते, कारण पुसले जात नाही. रोगी शुद्धीवर आला म्हणून ताप गेला असे होत नाही. दुसरी फसगत 'लोड' या आकड्याची. लिनक्समध्ये १९९३ पासून या आकड्यात प्रोसेसरसाठी थांबलेल्या कामांबरोबर डिस्कसाठी अडकलेली कामेही मोजतात. म्हणून लोड मोठा असूनही प्रोसेसर मोकळा असू शकतो; मग शोध डिस्ककडे वळवायला हवा. तिसरी फसगत 'मोकळ्या मेमरी'ची. मोकळी मेमरी फार थोडी दिसली म्हणून आम्ही घाबरलो. पण शहाणी कार्यप्रणाली रिकाम्या जागेत डिस्कवरची माहिती हाताशी ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडून देते. खरी काळजी करायची ती पाने डिस्कवर सारखी ये-जा करू लागली तर.

पुन्हा निकालाकडे

आता पावणेसोळा लाखांचा हिशेब करू. सोयीसाठी सोळा लाख धरू. हे सगळे दिवसभरात सारखे विखरून आले, तर सेकंदाला साडेअठरा विनंत्या होतात. आपला सेकंदाला ५० चा लहानसा सर्व्हरही ते निभावून नेईल. पण तेच पहिल्या दहा मिनिटांत आले, तर सेकंदाला सुमारे २,६७० होतात. प्रत्येकाने उत्तर न मिळाल्याने तीनदा प्रयत्न केला, तर ८,०००. सरासरी किती फसवी असते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. शिवाय कंटाळून पुन्हा बटण दाबणाऱ्याची आधीची विनंती पुष्कळदा आतच राहते. सर्व्हर निघून गेलेल्या माणसासाठी राबत बसतो. उशीर झाला म्हणून गर्दी वाढते आणि गर्दी वाढली म्हणून उशीर.

यावर केवळ मोठे यंत्र हा उपाय नाही. निकाल एकदा लागला, की त्या दिवशी बदलत नाही. मग प्रत्येकाचा निकाल विचारल्यावर नव्याने तयार करण्याऐवजी आधीच तयार करून ठेवता येतो. एकाचे पान ५ किलोबाइटचे धरले, तर सोळा लाखांचे मिळून ८ गिगाबाइट होतात. ते एका साध्या यंत्राच्या मेमरीतही मावतील. आणि त्याच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवता येतात. नंतरच्या वर्षांत दहावीचा निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळू लागला, त्यामागचे तत्त्व हेच.

आणि हे तत्त्व नवे नाही. इंटरनेटपूर्वी निकाल शाळेत येत असे. मुख्याध्यापक गुणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन येत, फळ्यावर यादी लागे आणि मुले आपापल्या शाळेसमोर जमत. लाखो मुलांची गर्दी हजारो शाळांत वाटली जाई. कोणत्याही एका फळ्यासमोर शे-दोनशेंहून अधिक मुले क्वचितच असत. फळ्यावरची यादी म्हणजे आधीच तयार करून, वापरणाऱ्याच्या जवळ ठेवलेली प्रत. निकाल एका संकेतस्थळावर आणताना आपण वेग मिळवला, पण ती वाटणी गमावली. मग ती यंत्रांच्या भाषेत पुन्हा शोधावी लागली.

वर्गाबाहेरचा प्रयोग

हे सर्व विद्यार्थ्यांना संगणकाशिवाय अनुभवता येते. चार-पाच मुलांचा गट एसटी स्थानकाच्या चौकशी खिडकीजवळ किंवा रेशनच्या दुकानाजवळ अर्धा तास उभा करावा. एकाने येणाऱ्यांची वेळ लिहावी, दुसऱ्याने जाणाऱ्यांची. तिसऱ्याने दर मिनिटाला रांगेतली माणसे मोजावीत. शेवटी येण्याचा वेग आणि सरासरी वेळ यांचा गुणाकार करून तो तिसऱ्याच्या सरासरीशी ताडून पाहावा. मोजणीच्या सुरुवातीला व शेवटी रांग साधारण सारखी असेल, तर दोन्ही आकडे जवळजवळ येतील. गर्दीच्या आणि निवांत अशा दोन वेळी मोजले, तर एर्लांग यांची चढती रेषाही दिसेल.

मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा: रांग कमी करायला दुसरी खिडकी उघडावी, की एकेकाला लागणारा वेळ कमी करावा, की लोकांना वेगवेगळ्या वेळी बोलवावे? या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर चालत नाही. त्यासाठी आधी मोजावे लागते. एर्लांग मास्तर शिडी घेऊन खड्ड्यात उतरत ते याचसाठी. आणि आम्ही तीन पावसाळे उतरलो नाही, म्हणून सकाळी साडेआठला लोकांना ताटकळत ठेवले.